तंबाखू सोडताना सोबत हवी

(मस्कत येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला आरोग्य या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. विषय समुद्राएवढा आहे. मधुमेहावर बोलता आले असते, रक्तदाबावर बोलता आले असते. आपण ते शांतपणे ऐकून घेतले असते आणि मग जेवणाच्या रांगेत गुलाबजाम दोन घ्यावेत की तीन, याचा विचार केला असता. म्हणून मी आज एकाच पदार्थाविषयी बोलणार आहे. तो पदार्थ या क्षणी, या सभागृहात, काहींच्या खिशात आहे. हे मी आरोप म्हणून सांगत नाही. तेवीस वर्षे तो माझ्याही खिशात होता.

होय, मी तंबाखू खात होतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात, १९८८ साली, परीक्षेच्या रात्री एका मित्राने तळहातावर मळलेली चिमूट पुढे केली. झोप उडाली, भूकही मेली. त्या दिवसांत मेसचे पैसे महिन्याच्या अखेरीस संपत असत, त्यामुळे भूक मरणे ही काही लहान सोय नव्हती. पुढे मी मुखकर्करोगाचे रुग्ण तपासले, त्यांना तंबाखू सोडा असे बजावले, आणि वॉर्डाबाहेर येऊन दाढेखाली बार भरला. ज्ञान असले म्हणजे सवय सुटते, असे ज्यांना वाटते त्यांनी माझ्याकडे पाहावे.

ही सवय आमच्या घरात नवी नव्हती. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. कापसाला आग लागू नये म्हणून गिरणीत विडी ओढण्यास सक्त मनाई असे. पण साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या ओठाखाली काय आहे, हे कोण पाहणार? चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी ही त्या पिढीची पाळीतली शिदोरीच होती. १९८२ च्या संपात घरात धान्य नसे, पुडी मात्र असे, कारण ती धान्याहून स्वस्त होती. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची मशेरी करी. तो उग्र वास आला की आम्हा मुलांना खोकला येई आणि शेजारणी वाटी घेऊन दारात येत. दात दुखला, मशेरी लाव. डोके जड झाले, मशेरी लाव. पुरुषांच्या व्यसनावर आपण व्यासपीठावरून बोलतो. आपल्या आया-बहिणींच्या मशेरीला मात्र व्यसन म्हणण्यासही आपण तयार नसतो, ते म्हणे दात घासणे असते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक जण धूरविरहित तंबाखू वापरत होता. विडी-सिगारेट ओढणारे त्या मानाने फारच थोडे. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. पण साधी तंबाखू सुटली, आणि सुपारी एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. दोन्ही एकत्र करण्याचे काम गिऱ्हाईकाच्या तळहाताने केले. येथे ओमानमध्ये तर चघळण्याच्या तंबाखूची विक्रीच मना आहे. तरीही सुट्टीवरून परतणाऱ्याच्या बॅगेत, मसाल्याच्या आणि चटणीच्या डब्यांमध्ये काय काय येते, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे.

आता वैद्यकशास्त्राचे थोडे सांगतो. चुना हा केवळ चवीसाठी नसतो. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होते, निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतील नाजूक त्वचेतून सरळ रक्तात उतरते. बार अर्धा तास तोंडात राहतो, आणि तेवढा वेळ निकोटीन झिरपत राहते. मेंदूला या हप्त्याची सवय लागते. हप्ता चुकला की तो चिडतो. म्हणजे तलफ ही चारित्र्याची उणीव नव्हे, ती शरीराची मागणी आहे. पण कर्करोग निकोटीन करीत नाही. तो मुख्यत्वे तंबाखूतील नायट्रोसमाइन नावाच्या द्रव्यांमुळे होतो, आणि ही द्रव्ये पान सुकवताना व मुरवताना तयार होतात. तोंडात आधी पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो. तो दुखत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. सुपारीची तऱ्हा निराळी. तिने तोंडाची आतील त्वचा ताठर होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. तंबाखू सोडली आणि सुगंधी सुपारी धरली, असे अभिमानाने सांगणारे बंधू मला दर महिन्याला भेटतात. त्यांना सांगतो की सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. त्यापेक्षा बडीशेप धरा, लवंग धरा, भाजलेले जवस धरा.

परंतु हे सारे मला माहीत असूनही मी खात होतो, हे मघाशी सांगितलेच. म्हणून आता जे सांगायचे आहे ते जरा अवघड आहे.

२००९ साली अशाच एका मेळाव्यात एका वक्त्यांनी उत्साहाच्या भरात जाहीर केले की, तंबाखू खाणाऱ्यांनी उभे राहावे, पुड्या पुढे आणून द्याव्यात आणि शपथ घ्यावी. हेतू चांगला होता. कॅम्पमधून आलेले सहा-सात कामगार बंधू बिचारे उभे राहिले. त्यांच्या पुड्या टेबलावर मांडल्या गेल्या. लोक हसले, कोणी फोटोही काढले. मी पहिल्या रांगेत, सुटाबुटात बसलो होतो. पुडी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती. मी उभा राहिलो नाही.

त्या सहा-सातांपैकी चौघे पुन्हा मंडळाच्या कार्यक्रमाला आले नाहीत. त्यांतील एक जण दोन वर्षांनी माझ्या दवाखान्यात आला, जिभेच्या कडेला पाच महिन्यांची जखम घेऊन. तोंडात एक बोट जेमतेम जाई. वय अडतीस. त्याला मी मायदेशी पाठवले, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, वर्षभराने त्याच्या भावाचा निरोप आला. शपथेचा तो प्रकार झाला नसता तर तो वाचला असता, असे विधान वैद्य म्हणून मी करू शकत नाही. पण जखम इतके दिवस का लपवलीस, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘दाखवली असती साहेब, पण पुन्हा हसतील असं वाटलं.’

काही बंधू मला विचारतात की, पंचशीलातील पाचव्या शीलात तंबाखू येते की नाही? शब्द पाहिले तर तेथे मद्याचा उल्लेख आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारूचा उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. विद्वानांनी त्यावर जरूर चर्चा करावी. मला मात्र तंबाखू खाणाऱ्याला शीलभ्रष्ट ठरवण्यात रस नाही. ठरवलेच, तर तो विहारात यायचा थांबेल आणि पुडी घेऊन पत्र्याच्या शेडमागे जाईल. एवढेच घडेल.

माझी तंबाखू कशी सुटली ते आता सांगतो. त्याच २०११ साली लातूरकडचे एक सुतारकाम करणारे बंधू तिखट झोंबते म्हणून आले. गालात पांढरा चट्टा होता. मी नेहमीचे प्रवचन सुरू केले. त्यांनी ते सगळे ऐकून घेतले आणि अगदी सहज विचारले, ‘डॉक्टरसाहेब, तुमचा बार कुठल्या बाजूला असतो?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग तेच म्हणाले, ‘चला, दोघं मिळून सोडू. मला एकट्याला जमत नाही, तुम्हालाही जमलेलं दिसत नाही.’

दोघांचे पुढे सात झाले. रुवीतील एका बंधूंच्या खोलीवर शुक्रवारी सायंकाळी आम्ही जमू लागलो. तेथे शपथ नव्हती, फोटो नव्हते. एक दिवस ठरवला, आदल्या रात्री प्रत्येकाने आपली पुडी आणि डबी बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात टाकली. दोघादोघांच्या जोड्या केल्या. तलफ आली की जोडीदाराला फोन करायचा, आणि त्याने फक्त बोलत राहायचे. गावाकडच्या पावसाचे, मुलांच्या शाळेचे, कशाचेही. कारण तलफेची लाट पाच-सात मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरता कोणीतरी लागतो. पहिले तीन दिवस वाईट असतात. चिडचिड होते, झोप येत नाही, हात आपोआप खिशाकडे जातो. आणि एक गोष्ट पुस्तके फारशी सांगत नाहीत, पण आपल्या माणसांना तीच सर्वांत नडते: सकाळी तंबाखूवाचून पोट साफ होत नाही. कित्येक जण केवळ त्यासाठी चौथ्या दिवशी पुन्हा सुरू करतात. कोमट पाणी, इसबगोल, पपई, आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर, एवढ्याने आतडी पुन्हा आपले काम करू लागतात.

ज्यांची सवय फार जुनी, त्यांना मी निकोटीनचे च्युइंगम दिले. ते गोळीसारखे चावून संपवायचे नसते. झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचे, आणि त्या वेळी चहा घ्यायचा नाही. वारेनिक्लीन नावाची गोळीही आहे. धूरविरहित तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सल्लामसलतीच्या जोडीने या दोन्ही उपायांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली केली आहे. गोळी मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. औषधाने मदत होते, हे मी औषधे लिहून देणारा माणूस म्हणून सांगतो. पण रात्री अकरा वाजता कॅम्पच्या खोलीत, शेजारच्या खाटेवर कोणी तंबाखू मळू लागतो, तेव्हा च्युइंगमपेक्षा फोन अधिक उपयोगी पडतो. पहिली चिमूट आपल्याला कोणा सोबत्याच्याच हातून मिळालेली असते. ती एकट्याने परत करता येत नाही.

आम्हा सातांपैकी पहिल्याच खेपेला सुटली ती तिघांची. एक बंधू चार वेळा घसरले. एक जण रजेवर गावी गेले, पारावरच्या मित्रांत बसले आणि परत आले ते पुडी घेऊनच. आमचा नियम एकच होता की, घसरलेल्याने पुढच्या शुक्रवारी यायचे आणि सांगायचे, आणि बाकीच्यांनी ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे वाक्य उच्चारायचे नाही.

या नियमाचा लाभ मलाही घ्यावा लागला. २०१४ साली आई गेली. तिला कर्करोग झाला नव्हता. ती वयोमानाने गेली, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत मशेरी लावत होती. असे दाखले लोक माझ्या तोंडावर फेकतात, म्हणून मीच आधी सांगतो. स्मशानातून परतल्यावर धाकट्या भावाने, लहानपणापासूनच्या सवयीने, काही न बोलता तळहात पुढे केला. मी चिमूट उचलली. तीन वर्षांनंतर. मस्कतला परतलो तो रोज चार पुड्यांवर.

शुक्रवारी जावे की न जावे, या विचारात मी दोन आठवडे काढले. मी त्यांचा डॉक्टर होतो ना! तिसऱ्या शुक्रवारी लातूरचे तेच बंधू माझ्या दारात आले. त्यांनी काही विचारले नाही, फक्त म्हणाले, ‘डबा आणलाय, साहेब.’ बिस्किटांचा तोच डबा त्यांच्या हातात होता. मी पुडी त्यात टाकली. त्यांनी झाकण लावले, आम्ही चहा घेतला आणि सोबत रुवीला गेलो. त्यानंतर आजपर्यंत मी तंबाखू खाल्लेली नाही. त्यांच्या गालातील चट्टा दर सहा महिन्यांनी मी तपासतो. तो बराच फिका झाला आहे; पूर्ण गेलेला नाही, म्हणून तपासणीही थांबलेली नाही.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. शुक्रवारची ही बैठक मंडळाच्या पत्रकात छापावी, पण येणाऱ्यांची नावे कोठेही लिहू नयेत. भगिनींसाठी निराळी बैठक हवी, कारण पुरुषांसमोर मशेरीचे नाव काढण्यास त्या धजत नाहीत. ती चालविण्याचे आपल्यातील एका परिचारिका ताईंनी मान्य केले आहे.

मागच्या बाजूला, पुस्तकांच्या टेबलाशेजारी, पडद्याआड मी एक खुर्ची, आरसा आणि विजेरी ठेवली आहे. ज्यांच्या तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, किंवा ज्यांची जखम दोन आठवड्यांत भरलेली नाही, त्यांनी जेवणाआधी तेथे यावे. इतरांनीही यावे. एकास दोन मिनिटे लागतात. डबाही तेथेच आहे, त्याच्यावर झाकण आहे, आणि त्यात कोणी काय टाकले हे मी पाहत नाही.

जय भीम.