गाणारीचं नाव लिहा



स्नातकांनो, पदवीसाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रकल्प केले. कर्जत-खालापूरच्या मुलांना विषयासाठी लांब जावं लागत नाही. जवळच्या ठाकुरवाडीत, म्हणजे ठाकूर आदिवासींच्या वस्तीत जायचं, एखाद्या आजीला लग्नातली गाणी म्हणायला सांगायची, मोबाइलवर टिपून घ्यायची. गुण मिळाले की तीच गाणी यूट्यूबवर चढतात. खाली नाव असतं टिपणाऱ्याचं. गाणारी मात्र ‘एक आदिवासी महिला’. आज मला बोलायचं आहे ते याच गोष्टीवर.

लोकगीताला कर्ता नसतो, म्हणून ते कुणीही घ्यावं, असं आपण धरून चालतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शब्दांपुरतं ते खरंही आहे. पण आजी ते गाते तेव्हा ती कायद्याच्या नजरेत कलावंत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्या, नाचणाऱ्या, वाजवणाऱ्यांच्या सादरीकरणाला संरक्षण मिळालं. आज त्याची मुदत पन्नास वर्षं आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही त्यांना दिला. निव्वळ अभ्यासासाठी किंवा शिकवण्यासाठी ध्वनिमुद्रण करायला कायद्याची आडकाठी नाही. ते जगासमोर मांडायचं, त्यावर पैसे मिळवायचे, तर तिची संमती हवी. तिला लिहिता-वाचता येत नसेल, तरी हक्क तिचाच.

हा कायदा तुमच्याही बाजूचा आहे. ल. ना. चापेकरांचं ‘ठाकुर्स ऑफ द सह्याद्री’ हे याच ठाकूर आदिवासींवरचं पुस्तक १९६० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. त्यातलं एखादं प्रकरण अभ्यासासाठी झेरॉक्स करायला घाबरायचं कारण नाही. याच ऑक्सफर्डने आणखी दोन प्रकाशकांसह २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर आणि विद्यापीठावर दावा लावला होता. वेगवेगळ्या पुस्तकांतले नेमलेले उतारे एकत्र बांधून तिथे विकले जात. विद्यार्थी स्वतः त्या दाव्यात उतरले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही मान्य केलं, की शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रती काढण्याची मुभा कायद्यातच आहे. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. गरीब मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पण ही मुभा शिकण्या-शिकवण्यापुरती आहे. कॉपीराइट अजून चालू असलेलं अख्खं पुस्तक पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं तिच्यात बसवू नका.

सहकाऱ्यांनो, आता थोडं आपल्याविषयी. विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रकल्पाचा लेखक विद्यार्थीच असतो. मार्गदर्शन केलं म्हणून तो मजकूर आपल्या शोधनिबंधात आपल्या नावावर घालता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याला शिक्षा आहे, आणि ते नियम शिक्षकांनाही लागू आहेत. शिवाय, खाली नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. आणि परवानगी लागत नसली, तरी नाव लागतंच. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरची कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत संपल्यामुळे २०११ पासून त्यांचं ‘श्यामची आई’ कुणालाही छापता येतं. म्हणून ते कुणी स्वतःच्या नावावर छापलेलं आपण चालवून घेऊ का?

तेव्हा स्नातकांनो, ज्यांचं ध्वनिमुद्रण आधीच इंटरनेटवर गेलं आहे, त्यांनी याच आठवड्यात वाडीवर जा. गाणारीला ते ऐकवा, कुठे टाकलं आहे ते समजावून सांगा, आणि राहू द्यायचं का ते विचारा. ती हो म्हणाली, तर ती सांगेल तसं तिचं नाव आणि वाडीचं नाव लिहा. नाही म्हणाली, तर तिच्यासमोरच काढून टाका.