गणिताची पदवी आणि कर्जाचा हिशेब

(वर्धा जिल्ह्यातील पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की देवळी, सेलू, हिंगणघाट, आर्वीकडील आपल्या घरांतून एकच प्रश्न निघतो. मुलीला गणितात गती आहे. पण पदवी घेऊन पदरात काय पडणार, आणि त्यासाठी कर्ज काढावे काय? हा प्रश्न विचारणारा बाप विद्येचा शत्रू नव्हे. ज्याच्या कापसाचा पैसा बियाण्याच्या उधारीतच जिरतो, त्याला कर्ज म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. म्हणून आज मी विद्येचे माहात्म्य सांगणार नाही. हिशेब सांगणार आहे.

हा हिशेब पूज्य बाबासाहेबांनाही चुकला नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. १९१७ साली ते बडोद्यास गेले. नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पदवी मोठी असली तरी तिची मिळकत हाती येईलच असे नाही, हा त्यातील धडा होय. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, आणि कमी पडले तेवढेच पाच हजार रुपये नवल भथेना या मित्राकडून उसने घेऊन. आधी स्वतःची शिल्लक, मग मदत, आणि उरलेल्या गरजेपुरतेच कर्ज, हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

आता आपल्याकडे पाहू. वर्ध्याच्या बजाज विज्ञान महाविद्यालयासारख्या अनुदानित संस्थेत गणित शिकावयाचे तर खरा भार शिक्षणशुल्काचा नसतो. खोलीभाडे, खाणावळ, एस.टी.चा पास आणि बुडालेली मजुरी यांचा असतो. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपली मुले केंद्राच्या सवलतींना मुकली; १९६० नंतर महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती दिल्या, आणि १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क केंद्रातही मिळाले. तेव्हा, ‘बौद्ध झालो, आता शिष्यवृत्ती जाईल’, ही भीती आपण मनातून काढून टाकावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अर्ज करावाच. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालापूर्वीच तयार ठेवावा. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो, आणि त्या मधल्या काळातच सावकार दारात उभा राहतो.

आता बँकेचे कर्ज. समजा, एखाद्याने खाजगी संस्थेच्या जाहिरातीस भुलून तीन वर्षांत चार लाख रुपये, दरवर्षी सारखे, दहा टक्के व्याजाने घेतले. शिकत असताना आणि पुढील एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबत नाही. सरळ व्याजानेही ते १,२०,००० रुपये होते. चौथ्या वर्षाअखेर देणे ५,२०,००० रुपये. ते सात वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ८,६०० रुपयांचा हप्ता बसतो, आणि चार लाखांचे सव्वासात लाख भरावे लागतात. तेच कर्ज केवळ साठ हजारांचे असते, तर हप्ता सुमारे १,३०० रुपये झाला असता.

आणि समोर मिळकत कोणती? नुसत्या बी.एस्सी.ने शिक्षक होता येत नाही. बी.एड.ची आणखी दोन वर्षे लागतात, पात्रता परीक्षा असते. म्हणजे कर्जाचा हप्ता सुरू होतो तेव्हा मुलगा वर्गातच बसलेला असतो. पुढे माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून नेमणूक मिळाली, तरी पहिली तीन वर्षे मानधन दरमहा १८,००० रुपये, हा २०२३ पासूनचा दर आहे. त्यातून ८,६०० गेले तर घर कशावर चालावे? एम.एस्सी. होऊन तासिका तत्त्वावर राबणारेही आपण पाहतो.

तथापि गणिताची वाट बंद आहे असे समजू नका. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे शिकताना कर्ज वाढत नाही, उलट घराला हातभार लागतो. बँका, विमा, सांख्यिकी आणि संगणकाची कामे यांतही गणिताच्या विद्यार्थ्यास मागणी आहे. मात्र पदवीबरोबर दुसरे कौशल्य जोडावे लागते.

म्हणून माझे सांगणे तीन गोष्टींत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज केल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही करू नका. हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होत असेल, तर संस्था बदला. विषय बदलण्याचे कारण नाही. आणि मुलाच्या कर्जापायी मुलीचे शिक्षण थांबवू नका; शिष्यवृत्तीचा हक्क तिलाही तेवढाच आहे.

ज्याला गणित येते त्याने पहिले उदाहरण आपल्या घराचे सोडवावे. आज रात्री मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून मुद्दल, व्याज, हप्ता आणि पगार हे चार आकडे एका कागदावर मांडा. पिढ्यानपिढ्या सावकाराच्या वहीत आपला अंगठा उमटला, कारण त्या वहीतील आकडे आपणांस वाचता येत नव्हते. आज ते आपल्या लेकरांना वाचता येतात. ते वाचूनच सही करा.

जय भीम.