वय वाढलं की आकडे का वाढतात?
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेले भाषण)



मला आरोग्यावर बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी डॉक्टर नाही, बँकेत सदतीस वर्षं घालवलेला माणूस आहे. त्यावर आपले सेक्रेटरी म्हणाले, "काकाजी, आकड्यांवर बोला." म्हणून आज आकड्यांवर बोलतो. विषय मात्र थोडा अवघड आहे : कॅन्सर आणि आपलं म्हातारपण.

सुरुवात आपल्याच एका वार्षिक सभेपासून करतो. गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचा विषय निघाला होता. एक सभासद तावातावानं म्हणाले, "पहिल्या दहा वर्षांत या बिल्डिंगमध्ये कॅन्सरनं एक माणूस गेला. नंतर रांगच लागली. टॉवर काढा!" सभा तापली. मी तेव्हा खजिनदार होतो. घरी येऊन सभासद नोंदवही उघडली. कुणी वारलं की शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलावं लागतं, त्यामुळे सोसायटीतल्या मृत्यूंचा सगळ्यात खरा हिशेब त्या वहीत असतो. ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. आजपर्यंतची बेरीज केली तर पहिल्या दहा वर्षांत एक, नंतरच्या पंधरा वर्षांत सहा.

पण वहीत आणखी एक रकाना आहे, वयाचा. २००० साली आपण इथं राहायला आलो तेव्हा बहुतेकांनी नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात कर्ज काढून फ्लॅट घेतले होते. मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. आज चौऱ्याहत्तर. म्हणजे पंचवीस वर्षांत बिल्डिंगला रंग तीनदा लागला, पण माणसं तीच राहिली आणि एकदमच म्हातारी झाली! कॅन्सर हा मुख्यतः उतारवयातला आजार. चाळिशीपेक्षा सत्तरीत त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. मग टॉवर असो की नसो, आकडा वाढणारच होता.

मी टॉवरची वकिली करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०११ साली या लहरींना "शक्यता आहे, पण पुरावा अपुरा" अशा गटात टाकलं. त्याच संस्थेच्या यादीत तंबाखू, आणि नुसती सुपारीसुद्धा, सगळ्यात वरच्या, म्हणजे शंका न उरलेल्या गटात आहे. टॉवरवर दोन तास भांडून आपण खाली उतरलो आणि गेटसमोरच्या ठेल्यावर खर्रा घोटून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बँकेच्या भाषेत सांगतो. एका शाखेची सगळी कर्जं वीस वर्षं जुनी आहेत आणि दुसरीची सगळी मागच्या वर्षीची. दोन्हींच्या थकबाकीची टक्केवारी शेजारी ठेवून "पहिला मॅनेजर नालायक" म्हणणं हा अन्याय आहे. तुलना करायची तर एकाच वयाच्या कर्जांची करा. कॅन्सरचे जाणकार हेच करतात. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या लाखभर माणसांत तेव्हा किती गेले, आज किती गेले, असं गटागटानं पाहतात. त्यावरून वयाचा फरक काढून टाकलेला दर काढतात. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान जेमतेम बत्तीस वर्षं होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. नुसती बेरीज केली तर कॅन्सर भयंकर वाढलेला दिसणारच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आणि ९ लाख मृत्यू. आकडा मोठा आहे. पण त्यातलं वयामुळे किती आणि धोक्यामुळे किती, हे वेगळं केल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

ही मोजणी कोण करतं? इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ साली मुंबईत देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू केली. आपल्या नागपूरची नोंदणी १९८० पासून आहे, हे किती जणांना माहीत होतं? बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांसाठी नोंदणी आहे. आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी थोड्यांचंच कारण डॉक्टर लिहून देतात. बाकीच्यांचं "वय झालं होतं" एवढंच. म्हणून नोंदणीची माणसं दवाखान्यांत, प्रयोगशाळांत, मृत्यू नोंदणीच्या कार्यालयांत फिरून एकेक नाव जुळवतात. आमच्या वेळच्या ताळेबंदासारखं काम आहे ते.

या वह्या काय सांगतात? बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर मुंबई, बार्शीसह अनेक ठिकाणी कित्येक वर्षांपासून कमी होत आला आहे. लग्नं उशिरा होणं, मुलं कमी, स्वच्छता, शिक्षण, अशी त्याची कारणं सांगतात. स्तनाचा कॅन्सर मात्र शहरांत वाढतो आहे. आणि विदर्भात पुरुषांच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या खर्ऱ्याची साक्ष देतो. म्हणजे "कॅन्सर वाढला" हे एक वाक्य नाही, वेगवेगळी खाती आहेत. काही खात्यांत जमा आहे, काहींत नावे.

बाहेरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत वयाचा फरक काढलेला कॅन्सर मृत्युदर १९९१ पर्यंत वाढत गेला, आणि तेव्हापासून सुमारे एक तृतीयांशानं खाली आला. सगळ्यात मोठं कारण, लोकांनी सिगारेट सोडली. पण सिगारेटविरुद्धचा सरकारी अहवाल आला १९६४ साली! मधली पंचवीस-तीस वर्षं दर वाढतच राहिला. कर्ज एक मॅनेजर मंजूर करतो, बुडतं ते तिसऱ्या मॅनेजरच्या काळात. आज विशीतला मुलगा जो खर्रा खातो, त्याची वसुली २०५० च्या पुढे होणार आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणातही राज्यातला दर चौथा प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतच होता.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो माझ्या घरचा आहे.

मघाशी सांगितलेल्या सात नोंदींतली एक माझ्या फ्लॅटची आहे. सहसभासद म्हणून हिचं नाव होतं. ते लाल शाईनं कमी करून शेजारी तारीख घालणारा हात माझाच होता. २०१२ च्या दिवाळीत हिला स्तनात गाठ लागली. वय अठ्ठावन्न. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. लग्न होईपर्यंत ही कुणाला काही बोलली नाही. मला नाही, मुलीलाही नाही. मी तेव्हा कॅटररचे आणि हॉलचे हिशेब जुळवत होतो. दवाखान्यात डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "किती दिवसांपासून आहे?" हिनं माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. उपचार झाले, पण दोन वर्षांत ही गेली.

नंतर मी वाचायला लागलो. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखावर बायकांना घेऊन वीस वर्षं एक अभ्यास केला. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करायच्या. २०२१ साली निष्कर्ष आला : पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. तरुण वयात तेवढा फायदा दिसला नाही. पन्नाशीनंतर दिसला. आणि आपण म्हणतो, "आता या वयात काय तपासायचं?"

दुसरा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यातला, बार्शीच्या डॉक्टरांच्या साथीनं झालेला. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका. विषाणूची एकच तपासणी आयुष्यात एकदा झाली, तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे २००९ साली जगापुढे आलं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती? शंभरात दोनही नाहीत.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, तोंडात बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा, कुठेही गाठ, पाळी गेल्यावर रक्तस्राव, यातलं काही दिसलं तर लग्नकार्य, दिवाळी, नातवाची परीक्षा यांची वाट पाहू नका. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामातच धरलेली आहे. पुढची गरज पडली तर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आपल्याच शहरात आहेत. दुसरी, वर्षातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर घ्या. गणपतीच्या वर्गणीतून चहा-नाश्ता मी बघतो. तिसरी तरुणांना : गेटसमोरच्या ठेल्यावर तुम्ही दिसलात तर मी "काहून रे बाप्पा?" एवढंच विचारीन. रागावू नका.

आणि नवरे मंडळींना वेगळं सांगतो. घरात "तब्येत कशी आहे?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "ठीक आहे" असंच येतं. शेजारी बसून विचारा, "काही लपवत तर नाहीस ना?"

नोंदवही आता नव्या सेक्रेटरींकडे आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत तीत नोंदी होतीलच, वय कुणाला चुकलं नाही. त्यातली एखादी जरी उशिरानं झाली, तरी आजचं बोलणं वसूल झालं असं मी समजेन.