पाळीव कुत्री-मांजरांची निगा आणि प्राथमिक शिक्षक

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिक्षकांसाठी भाषण)



नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांचा काही भाग बागायती झाला, तर बराचसा भाग जिरायतीच राहिला. उसाच्या मळ्यातील वस्ती असो वा माळावरील धनगरांचा वाडा असो, राखणीस कुत्रे आणि उंदरांसाठी मांजर ही व्यवस्था दोन्हीकडे जुनीच आहे. गाई-म्हशींच्या वैरणपाण्याची चिंता शेतकरी वाहतो, कारण त्यांच्यावर त्याचा प्रपंच चालतो. कुत्र्या-मांजरांच्या वाट्यास मात्र उरलेसुरले येते. त्यांची खरी सोबत असते ती घरातील मुलांना. त्यांना घास भरवणारे मूल, आणि प्रसंगी त्यांचा चावा सोसणारेही मूलच. म्हणून हा विषय पशुवैद्याचा जितका, तितकाच प्राथमिक शिक्षकाचाही आहे.

प्रथम आहाराचा विचार करावा. नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे पोट भरते, पण पोषण होत नाही. भाकरीबरोबर शिजवलेले अंडे, मासळी, मांसाचे तुकडे किंवा निदान वरण यांपैकी काही तरी असावे. मांजर तर मूळचेच मांसाहारी. मांसातील काही द्रव्यांवाचून त्याची दृष्टी व हृदय दुबळे होते. मांजरास दूध म्हणजे सर्वस्व, ही समजूत खरी नाही. मोठ्या मांजरांपैकी कित्येकांना दूध पचत नाही व हगवण लागते. पिलू निदान आठ आठवडे आईपासून तोडू नये. दोन महिन्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा थोडे थोडे व मोठ्या कुत्र्यास दोन वेळा ठरावीक वेळी अन्न द्यावे.

काही पदार्थ मात्र वर्ज्य समजावेत. कांदा व लसूण यांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात; द्राक्षबागा असलेल्या गावांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. चॉकलेट हे तर विषच. कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या घशात वा आतड्यात रुततात. माणसांची तापाची गोळी पॅरासिटॅमॉल मांजराच्या जिवावर बेतते. पिकावर फवारण्याचे औषध गोचिडांसाठी अंगाला चोळणे हेही तितकेच घातक, कारण जनावर अंग चाटते आणि ते औषध पोटात जाते. उंदरांचे विषारी आमिष ठेवल्यास मेलेले उंदीर लगेच पुरून टाकावेत.

हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंगातील उष्णता घालवते. चैत्र-वैशाखात त्यास उन्हात बांधून ठेवणे म्हणजे त्याचा प्राण धोक्यात घालणे होय. सावली आणि दिवसातून दोनदा बदललेले पाणी या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. हे काम घरातील मुलाकडे सोपवावे. त्यातून स्वच्छतेची व नियमितपणाची सवय जडते.

आता जंतांविषयी. पिलांच्या पोटात आईकडूनच जंत येतात. जंतांची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातातून त्याच्या पोटात जातात. दुसरा धोका मेंढपाळांच्या व जत्रांच्या गावी अधिक आहे. कापलेल्या शेळी-मेंढीच्या यकृतात वा फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या कुत्र्यापुढे टाकल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात व त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. म्हणून असे अवयव जाळावेत वा खोल पुरावेत. पिलांना लहानपणापासून व मोठ्या कुत्र्यास सामान्यतः दर तीन महिन्यांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे. कुत्र्यास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, हा धडा शाळेतच गिरवला जावा.

सर्वांत अगत्याचा विषय पिसाळ रोगाचा, म्हणजेच रेबीजचा. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लशीचा पहिला उपचार झाला तो जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर, आणि तो मुलगा वाचला. या रोगाचे विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. तेथे पोहोचून लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो; परंतु तत्पूर्वी उपचार झाले तर रोग टळतो. कुत्र्या-मांजरास तीन महिन्यांचे झाल्यावर प्रतिबंधक लस टोचावी व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, साधारणतः दरवर्षी, ती पुन्हा द्यावी. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीसारख्या माळरानांवर लांडगे वावरतात. गावच्या कुत्र्यांचे रोग त्यांनाही जडतात. म्हणजे घरच्या कुत्र्यास दिलेली लस माळालाही उपयोगी पडते.

चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल, हळद यांपैकी काहीही लावू नये. मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत प्रतिविषाचे इंजेक्शनही द्यावे लागते. कुत्रे घरचे असले तरी त्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण तोवर मुलाची लस थांबवू नये. पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची भीती अद्याप अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडावर थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात. मात्र नेमून दिलेली एकही मात्रा चुकवू नये.

खरी अडचण औषधाची नसून मुलाच्या मौनाची आहे. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल, या भीतीने मूल चावा लपवते. लहानसा ओरखडा बाह्यांखाली झाकला जातो आणि मोलाचे दिवस निघून जातात. हे मौन शिक्षकच मोडू शकतो. वर्गात वेळोवेळी सांगावे की चावल्याचे सांगणाऱ्या मुलास कोणीही रागावणार नाही. आणि मुलाने सांगितले तर तो शब्द पाळावा. पालकसभेतही हेच मांडावे.

याखेरीज शाळेने दोन कामे अंगावर घ्यावीत. शालेय पोषण आहारातील उष्टे अंगणात पडू न देता झाकणाच्या बादलीत गोळा करावे; त्यामुळे मधल्या सुट्टीत कुत्री जमणार नाहीत आणि कांदा-लसणाची खिचडीही त्यांच्या पोटात जाणार नाही. दुसरे, मुलांकडून गावातील पाळीव कुत्र्या-मांजरांची यादी करवून घ्यावी व ग्रामपंचायतीमार्फत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे देऊन लसीकरणाचा दिवस ठरवावा. परिसर अभ्यासाचा याहून चांगला पाठ सापडणे कठीण.

मुक्या प्राण्यास आपले दुखणे सांगता येत नाही. भ्यालेल्या मुलासही ते सांगता येत नाही. दोघांची भाषा जाणणारा शिक्षक ज्या गावी असेल, त्या गावी चाव्याने मूल दगावण्याची वेळ येऊ नये.