हाडाचा कर्करोग : पेशीतील बिघाड आणि औषधाचा शोध

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आयुष्यभर कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस आहे. तेव्हा कोणाला उपचार सांगणे हा माझा अधिकार नाही. परंतु वैद्यकीय साहाय्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे आज 'टार्गेटेड थेरपी', 'जनुकीय तपासणी' असे शब्द असलेले अर्ज येऊ लागले आहेत. ज्या कार्यासाठी आपण दान देतो, त्याचे स्वरूप दात्याने समजून घ्यावे, या भावनेने हाडाच्या कर्करोगाविषयी केलेले वाचन आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्तन, प्रोस्टेट किंवा फुफ्फुसाचा कर्करोग पसरून हाडांत पोहोचतो, तो हाडाचा मूळ कर्करोग नव्हे. हाडातच जन्म घेणारा कर्करोग दुर्मीळ असून सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र त्यातील ऑस्टिओसार्कोमा आणि यूइंग सार्कोमा हे दोन प्रकार प्रामुख्याने मुलांना व तरुणांना गाठतात, आणि म्हणूनच त्यांचे गांभीर्य संख्येने मोजता येत नाही.

ऑस्टिओसार्कोमा बहुधा ऐन वाढीच्या वयात होतो. गुडघ्यालगतची मांडीच्या हाडाची खालची बाजू आणि नडगीच्या हाडाची वरची बाजू ही त्याची नेहमीची स्थाने होत. किशोरवयात पायांची लांबी झपाट्याने वाढते ती मुख्यतः याच भागांत. तेथील पेशी वेगाने विभागत असतात आणि प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना चूक होण्याचा संभव असतो. निसर्गाने या चुका पकडणारे पहारेकरी नेमलेले आहेत. टीपी ५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला थांबवते किंवा नष्ट होण्यास भाग पाडते. आरबी १ हे जनुक पेशीच्या विभाजनाला लगाम घालते. ऑस्टिओसार्कोमाच्या बहुसंख्य रुग्णांच्या गाठीत यांपैकी पहिला पहारेकरी निकामी झालेला आढळतो आणि अनेकांत दुसराही.

याचा पुरावा काही कुटुंबांच्या इतिहासातून प्रथम मिळाला. १९६९ साली फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनी अशी कुटुंबे वर्णिली, की ज्यांत लहान वयात निरनिराळे कर्करोग होत. या कुटुंबांत टीपी ५३ चा दोष पिढीजात असतो, हे पुढे १९९० साली उघड झाले. तसेच डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग ज्या बालकांना आनुवंशिक दोषामुळे होतो, त्यांना पुढील आयुष्यात ऑस्टिओसार्कोमाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. तो दोष आरबी १ मधील होय. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली रेटिनोब्लास्टोमाच्या अभ्यासातूनच सिद्धांत मांडला, की अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच रोग उद्भवतो. आनुवंशिक दोषात एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, म्हणून रोग लवकर येतो. अर्थात बहुतेक रुग्णांच्या घराण्यात असा दोष नसतो. बिघाड त्यांच्या हाडाच्या पेशीतच घडलेला असतो. त्यामुळे आईवडिलांनी स्वतःला दोष देत बसण्याचे काहीही कारण नाही.

पहारेकरी गेल्यावर काय होते? २०११ साली शास्त्रज्ञांनी एक विलक्षण घटना नोंदवली. काही कर्करोगांच्या पेशीत एखादे गुणसूत्र एकाच वेळी शेकडो ठिकाणी तुटते आणि त्याचे तुकडे उलटसुलट जोडले जातात. सर्व कर्करोगांत मिळून हा प्रकार दोन-तीन टक्क्यांत दिसला, पण हाडाच्या कर्करोगात सुमारे पंचवीस टक्क्यांत. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर कापडाचे थान फाडून चिंध्या वाटेल तशा शिवाव्यात, काही तुकडे गहाळ व्हावेत आणि काही दोन-चार वेळा जोडले जावेत, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच दोन रुग्णांच्या गाठीतील बिघाड सहसा एकसारखा नसतो.

औषधाच्या शोधातील खरी अडचण येथेच आहे. २००१ साली रक्ताच्या एका कर्करोगावर इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मान्य झाले. त्या रोगात एक विकृत प्रथिन सतत 'वाढा, वाढा' असा हुकूम सोडत असते. औषध नेमके त्यालाच अडवते आणि गोळी घेत रुग्ण वर्षानुवर्षे चांगले आयुष्य जगतो. या यशानंतर प्रत्येक कर्करोगाला अशीच एक गोळी असेल, अशी आशा निर्माण झाली. पण अतिरिक्त काम करणाऱ्या प्रथिनाला अडवता येते. जे प्रथिन पेशीतून नाहीसेच झाले आहे त्याला अडवणार कसे? वाहनाचा ॲक्सिलरेटर अडकला तर तो मोकळा करता येतो. ब्रेकच गळून पडला असेल, तर चालत्या गाडीला नवा ब्रेक बसवणे फार अवघड. ऑस्टिओसार्कोमा हा मुख्यतः ब्रेक गमावलेला रोग आहे.

यूइंग सार्कोमाची गोष्ट वेगळी आहे. जेम्स यूइंग यांनी १९२१ साली हा रोग वर्णिला. १९८३ साली त्यात ११ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल आढळली आणि १९९२ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी त्या सांध्यावरील जोडजनुक शोधून काढले. ईडब्ल्यूएसआर १ आणि एफएलआय १ या दोन जनुकांचे तुकडे जुळून तयार झालेले हे जनुक सुमारे ८५ टक्के रुग्णांत असते. त्याचे प्रथिन इतर शेकडो जनुकांना चुकीच्या वेळी जागे करते किंवा झोपवते. येथे शत्रू एक आहे आणि तो ओळखीचाही आहे. तरी त्या प्रथिनाला औषध चिकटून बसेल अशी खाच सहज सापडत नाही. शत्रूचे नाव कळणे आणि त्याच्यावरील शस्त्र हाती येणे, यांत केवढे अंतर असते, हे यावरून ध्यानी येते.

मात्र काही ठिकाणी यश आले आहे. हाडातील जायंट सेल ट्यूमर ही गाठ सहसा कर्करोग नसते, पण हाड पोखरते. तीत मूळ दोष असलेल्या पेशी 'रँक-एल' नावाचे प्रथिन तयार करून हाड खाणाऱ्या पेशींना बोलावणे धाडतात. डेनोसुमॅब हे औषध तो निरोपच अडवते. शस्त्रक्रिया अशक्य किंवा फार हानिकारक असलेल्या रुग्णांसाठी ते अमेरिकेत २०१३ साली मान्य झाले. त्याच वर्षी मूळ दोषाचाही शोध लागला. या गाठीच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत एच ३ एफ ३ ए या जनुकात एकच ठराविक बदल असतो. औषध निरोप अडवते, पण निरोप धाडणारी पेशी मरत नाही. म्हणून ते थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. कूर्चेच्या कर्करोगात जवळजवळ निम्म्या रुग्णांत आयडीएच या विकराचा दोष आढळतो आणि त्याला अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या झाल्या आहेत. काही रुग्णांची गाठ त्यामुळे स्थिरावली.

ऑस्टिओसार्कोमा पुन्हा उलटल्यावर रेगोराफेनिब व कॅबोझॅन्टिनिब ही औषधे वापरून पाहण्यात आली. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ ती रोखतात. त्यांनी काही रुग्णांत रोगाची वाढ काही महिने लांबवली, परंतु रोग मुळासकट काढला असे म्हणता येत नाही. गाठीच्या पृष्ठभागावरील जीडी २, बी ७-एच ३ अशा खुणा ओळखून रोगप्रतिकारक पेशींनी हल्ला करावा, यासाठीही संशोधन चालू आहे.

मग आज प्राण कशाने वाचतात? १९७० पूर्वी पाय कापल्यानंतरही पाचांपैकी चार रुग्ण फुफ्फुसात पसरलेल्या रोगाने दगावत. त्यानंतर केमोथेरपी आली आणि रोग पसरलेला नसल्यास दहांपैकी सहा-सात रुग्ण बरे होऊ लागले. त्यातील प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट हे ज्या संशोधनातून आले, त्याचे नेतृत्व भीमावरम येथे जन्मलेले आपले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले होते, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. १९८० च्या दशकानंतर मात्र हा आकडा फारसा हललेला नाही. १७ देशांतील २,२६० रुग्णांची नोंद करणाऱ्या यूरामॉस चाचणीत, केमोथेरपीला कमी प्रतिसाद देणाऱ्यांना आणखी औषधे जोडून पाहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यामुळे त्रास वाढला, लाभ वाढला नाही.

यातून आपण काय घ्यावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली म्हणजे वेळ. वाढत्या मुलाच्या गुडघ्याजवळ किंवा खांद्याजवळ काही आठवडे न थांबणारी वेदना, विशेषतः रात्रीची, किंवा सूज असेल, तर खेळताना लागले असेल म्हणून तेल चोळीत बसू नये. साधा एक्स-रे काढण्यास फार खर्च येत नाही. रोग फुफ्फुसात दिसू लागल्यावर दहांपैकी जेमतेम दोन-तीन रुग्ण वाचतात.

दुसरी म्हणजे योग्य ठिकाण. गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढणे हे काम, पुढील शस्त्रक्रिया जे करणार आहेत त्यांच्याच सल्ल्याने व्हावे. चुकीच्या जागी छेद घेतला तर वाचू शकणारा पाय गमवावा लागतो. आज बहुतेक रुग्णांचा अवयव वाचवून आत धातूचा सांधा बसवता येतो. पाय कापतील या भीतीने घरी बसून राहणे हेच खरे संकट आहे. १९४१ पासून सेवा देणाऱ्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने कमी खर्चाचे देशी कृत्रिम सांधे विकसित करण्यात पुढाकार घेतला. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस देताना रक्तातील त्याचे प्रमाण वारंवार मोजावे लागते. तो टाळून आपल्या परिस्थितीला झेपेल अशी उपचारपद्धतीही तेथे वापरली गेली आहे.

तिसरी म्हणजे पूर्णता. केमोथेरपी अनेक महिने चालते. अर्ध्यावर सोडलेला उपचार म्हणजे मुद्दल आणि व्याज दोन्ही बुडणे. उपचार सुटतो तो केवळ औषधाच्या किमतीने नव्हे, तर प्रवास, खोलीभाडे, जेवण आणि बुडालेली रोजी यांच्या भारानेही. म्हणून दानशूरांना माझी नम्र विनंती आहे. एखादे महागडे नवे औषध आणण्यासाठी अर्ज आला, तर ते कोणत्या टप्प्यावर द्यायचे आहे, त्याने रोग बरा होईल की काही महिने लांबेल, आणि त्याआधीचा नेहमीचा उपचार पूर्ण झाला आहे का, एवढे तीन प्रश्न रुग्णाच्या डॉक्टरांना आदराने विचारावेत. लांबलेले महिनेही मोलाचे असतात, त्यांना नकार द्यावा असे मी म्हणत नाही. पण एका मुलाच्या सर्व फेऱ्या पूर्ण होईपर्यंत त्याच्या आईच्या राहण्या-जेवणाची सोय करणे, हे आजच्या ज्ञानानुसार प्राण वाचवणारे दान आहे.

प्रयोगशाळेतील शोध चालूच राहतील. गळून पडलेल्या ब्रेकवर उपाय कधी सापडेल, हे सांगणे माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र वेळेवर काढलेला एक्स-रे, योग्य रुग्णालय आणि शेवटच्या फेरीपर्यंतची सोबत या गोष्टी आपल्या समाजाच्या हातात आजही आहेत. संस्थेने पुढील पन्नास वर्षांत त्यांना आपल्या कार्यात मानाचे स्थान द्यावे, एवढी प्रार्थना.