तांब्या मुलाच्या हाती द्या



अडीच वर्षांचे मूल पेल्यात पाणी ओतू पाहते आणि ‘सांडशील’ म्हणून आपण तांब्या काढून घेतो. यात माया असते, तशी घाईही. आमच्या मते घाईच अधिक.

ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेकांसमवेत मुलास स्वतः करू देणारे शिक्षण रुजविले. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस आल्या. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्यास कोठून परवडणार? शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. मुले येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

आपल्या कळंबास ज्वारी निवडणे, शेंगा सोलणे, आपली ताटली उचलणे घरोघरी आहेच. परंतु मुलाने सांडले तर हसावयाचे आणि मुलीने सांडले तर रागे भरावयाचे, हा भेद आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. तो प्रथम जावा.

तांब्या लहान घ्यावा, अर्धाच भरावा. पुसावयाचे फडके मात्र मुलाचा हात पोचेल अशा खुंटीस टांगावे.