प्रमाद आणि पुरुषार्थ
(व्याख्यानाचे शब्दांकन)



दौंड जंक्शनवरून सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या गाडीसाठी नोकरदार, विद्यार्थी आणि लहान व्यापारी फलाटावर वेळेआधी हजर असतात. थंडी असो वा पाऊस, गाडी सुटल्यानंतर स्थानकावर येण्याचा बेत कोणीही करीत नाही. परंतु त्यांच्यापैकीच एखाद्याच्या कपाटात रक्तातील साखर तपासून घेण्याची डॉक्टरांची चिठ्ठी दोन वर्षे पडून असते. पहाटे उठून रोज प्रवास करणाऱ्या या मनुष्याला आळशी कसे म्हणावे? त्याच्या एका कामाला वेळापत्रक आहे, दुसऱ्याला नाही. आणि ज्याला वेळापत्रक नाही ते काम ‘उद्या’च्या खात्यावर जमा होत जाते.

शिरूरला रेल्वे नाही, पण तिथेही मनुष्यस्वभाव हाच आहे. बाजार समितीतील लिलावाची वेळ शेतकरी चुकवीत नाही आणि आडत्याही चुकवीत नाही. मात्र वडील जाऊन कित्येक वर्षे लोटली तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव आहे, अशी घरे घोडनदीच्या काठी आणि भीमेच्या काठीही आढळतात. वारसाहक्काने जमीन मिळाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 149 सांगते. सुरुवातीला हे काम एका अर्जाचे असते. दिवसकार्य होऊ द्या, सुगी होऊ द्या, दिवाळी होऊ द्या, असे म्हणता म्हणता मधेच एक भाऊ निवर्ततो. त्याची मुले वारसांत येतात, सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या लागतात, पीककर्जासाठी बँकेत गेल्यावर उतारा अडतो. कोणाच्याही मनात पाप नसताना घर न्यायालयाची पायरी चढते. आळसाने केलेले नुकसान सहसा असेच असते. ते कोणी हेतूने केलेले नसते.

संस्थाही याला अपवाद नाहीत. विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा, असा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचा दंडक आहे. तरीही दिवंगत विश्वस्त परिशिष्ट एकवर अनेक वर्षे ‘कार्यरत’ राहतात, हे ट्रस्टचे दप्तर सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

चालढकलीचे मूळ आळसातच आहे, असे आजचे मानसशास्त्र मानत नाही. काम समोर येताच मनात एक अप्रिय भावना उठते. अहवालात काय निघेल याची भीती, भावाशी विषय काढण्याचा संकोच, अपयशाची लाज. काम पुढे ढकलताच ती भावना क्षणभर शमते आणि त्या क्षणिक सुखाची मनाला सवय जडते. म्हणूनच ‘उद्यापासून कसून करीन’ हा निश्चय फसवा ठरतो. निश्चय केल्याचे समाधान आजच मिळते, काम मात्र तिथेच राहते. ‘आतून प्रेरणा आली की आरंभ करू’ असे म्हणणाऱ्याचा क्रमच चुकलेला असतो. बहुतेकांच्या अनुभवास येणारा क्रम उलटा आहे. दहा मिनिटे हात चालला की मन मागून येते.

2002 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एम.आय.टी. या विद्यापीठातील एक प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. तीन मजकुरांतील चुका शोधण्याचे काम तीन आठवड्यांच्या मुदतीने देण्यात आले. एका गटाने दर आठवड्याला एक मजकूर द्यायचा होता, दुसऱ्याने मुदती स्वतः ठरवायच्या होत्या आणि तिसऱ्याने सर्व काही अखेरच्या दिवशी द्यायचे होते. सर्वांत अधिक चुका पहिल्या गटाने शोधल्या. स्वतः मुदती ठरविणारे मधे राहिले आणि ज्यांना सर्वांत मोकळीक होती ते सर्वांत मागे पडले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 साली असेच एक साधे सूत्र मांडले. ‘अभ्यास करीन’ एवढ्याने भागत नाही. ‘रात्री जेवण झाले की या टेबलाशी बसून हे प्रकरण उघडीन’ असा वेळ, जागा आणि कृती यांचा सांधा जुळविणारे लोक आपले संकल्प अधिक प्रमाणात पार पाडतात.

हे वाचताना जैन श्रावकाला पच्चक्खाण आठवल्यावाचून राहणार नाही. तपाचा आरंभ मासखमणापासून करा, असे कोणी सांगत नाही. नवकारसी आहे, सूर्योदयानंतर 48 मिनिटे अन्नपाणी घ्यायचे नाही, एवढेच. सामायिकही 48 मिनिटांचेच, आणि पुढ्यात वाळूचे घड्याळ. मर्यादा लहान, वेळ मोजलेली, आणि नियम घ्यायचा तो मनातल्या मनात नव्हे, गुरूंच्या साक्षीने. मनुष्यस्वभावाची इतकी बारीक पारख करून आखलेली व्यवस्था क्वचितच आढळेल. तत्त्वार्थसूत्राने कर्मबंधाच्या पाच कारणांत प्रमाद गणला आहे. उत्तराध्ययनसूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गाथेमागून गाथेत सावध करतात, की एक समयही प्रमादात घालवू नये. समय म्हणजे जैन कालगणनेतील सर्वांत सूक्ष्म, अविभाज्य एकक. आणि हा उपदेश कोणाला? एखाद्या सुस्त शिष्याला नव्हे, प्रथम गणधर गौतमस्वामींना.

असा पुरुषार्थ अलीकडच्या काळात पाहायचा तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याकडे पाहावे. 1887 साली कोल्हापूर भागातील कुंभोज येथे एका जैन घरात त्यांचा जन्म झाला. स्वतःचे शालेय शिक्षण अपुरे राहिलेले. ओगले यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपविण्यासाठी ते गावोगाव हिंडत, आणि तिथे शाळेपासून वंचित मुले पाहत. शिक्षणसंस्था काढण्यासाठी थांबायचेच म्हटले असते तर कारणांना तोटा नव्हता. पैसा नव्हता, इमारत नव्हती, पदवी नव्हती. 1919 साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि प्रारंभ मोजक्या मुलांच्या वसतिगृहाने केला. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. 1927 साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली. महाविद्यालय उभे राहिले ते 1947 साली, म्हणजे 28 वर्षांनी. मोठे काम आधी आणि लहान काम मग, असा क्रम लावला असता तर कदाचित दोन्हीही झाले नसते.

या कथेत लक्ष्मीबाईंचे नाव मागे पडते, ते पडू नये. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले. मुलांची भूक पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही, हे त्या घराला ठाऊक होते. ज्याच्या कामावर दुसऱ्या कोणाचे जेवण अवलंबून असते, त्याला प्रेरणेची वाट पाहण्याची सवड नसते. परीक्षेची तयारी करणाऱ्या शिरूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने एकट्याने खोलीत बसण्याऐवजी धाकट्या मुलांना तोच विषय रोज अर्धा तास शिकवावयास घेतला, तर त्याचा अभ्यास का चुकत नाही, हे यावरून समजते.

चालढकलीत सर्वांत महाग पडते ती क्षमायाचना. शास्त्रकारांनी कषायांच्या तीव्रतेला मुदती सांगितल्या आहेत. संज्वलन पंधरा दिवस, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष. त्यापुढे राहिलेला राग अनंतानुबंधी. पक्खी, चौमासी आणि संवत्सरी ही प्रतिक्रमणे याच मुदतींवर बसविलेली आहेत. संवत्सरीच्या दिवशी आता मोबाईलवरून पाचशे जणांना एका क्षणात ‘मिच्छामि दुक्कडम्’ जाते. त्या पाचशे नावांत, ज्या भावाशी दुकानाच्या भिंतीवरून सहा वर्षे अबोला आहे, त्याचे नाव बहुधा नसते. त्याच्याकडे जाण्यासाठी पक्खीच्या आतला एक वार ठरवावा, घरातील वडीलधाऱ्यांना तो सांगून ठेवावा आणि जाताना त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्यावे, म्हणजे दारातून परत फिरणे अवघड होते.